दुपारी गायब होणारी पारुबाई

१

“बाई, आमची याडी चोरीला गेली.”

लालसिंग नाईक वर्गाच्या दारात उभा होता. इशरतबाई फळ्यावर बेडकाचं हृदय काढत होत्या. खडू तिसऱ्या कप्प्यापाशीच थांबला. आठवीच्या पोरांनी एकदम माना वळवल्या.

याडी म्हणजे आई. लालसिंगची आई पारुबाई तर बाईंनी त्याच सकाळी आखाडा बाळापूरच्या बसथांब्यावर पाहिली होती, केळीवाल्याशी घासाघीस करताना. तिला कोण चोरणार? चोरलीच, तर तिच्या जिभेपुढे चोर संध्याकाळच्या आत हात जोडून तिला परत आणून सोडेल.

“ती न्हाई,” लालसिंग म्हणाला. “कंप्युटरमधली.”

मग बाईंच्या ध्यानात आलं. दोन हजार सात सालची ही गोष्ट. लालसिंगच्या तांड्यावरच्या बायकांचा भरतकामाचा गट होता. आरसे आणि कवड्या लावून त्या झोळ्या, उशांचे अभ्रे शिवायच्या. लालसिंगची मुलगी निता हिंगोलीला कॉलेजात शिकत होती. तिनं गटाचं वेब पान बनवलं होतं, आणि त्या पानाच्या मधोमध आजीची छोटी चित्रफीत बसवली होती. पारुबाई कापडावर आरसा ठेवते, भोवती टाके घालते, गुणगुणते आणि शेवटी कॅमेऱ्याकडं पाहून हसते. एवढंच. पण ते पाहून औरंगाबादची एक संस्था गटाला मुंबईच्या प्रदर्शनात न्यायचं की नाही, हे ठरवणार होती.

आज संस्थेचा फोन आला होता. पान उघडतं, मजकूर दिसतो, पण चित्रफितीच्या जागी कोरी चौकट आहे, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं.

“काही बिघाड असेल,” इशरतबाई म्हणाल्या.

“बिघाड रोज दुपारी व्हतो आन् रोज संध्याकाळी बरा व्हतो का?” लालसिंगनं मुंडाशाचं टोक मागं टाकलं. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच बाईंना जास्त भीती वाटली. “कोनीतरी काढून ठेवून राहिलं, आन् परत लावून राहिलं. कोन, ते बी आमाला ठावं हाय. तुमच्याच घरातलं पोरगं हाय, बाई.”

२

इशरतबाईंचे वडील खाजा मिया बाळापूरच्या बाजारपेठेत दोरे, सुया, आरसे आणि कवड्या विकायचे. तांड्यावरची प्रत्येक झोळी त्यांच्या आरशांनी चमकायची. त्याच दुकानाला लागून बाईंच्या धाकट्या भावानं, शाकीरनं, नेट कॅफे काढलं होतं. गिऱ्हाइकांसाठी भिंतीकडे तोंड करून ओळीनं मांडलेली यंत्रं, आणि दाराशी गल्ल्यावर शाकीरचं स्वतःचं यंत्र.

शाळा सुटल्यावर बाई तिथं पोचल्या, तर लालसिंग पायरीवर उभाच होता. खाजा मियांनी दोनदा बसायला सांगितलं, चहा मागवला. चहा पायरीवर ठेवल्या जागी निवला.

लालसिंगचं म्हणणं सरळ होतं. मागच्या बाजारानंतर तो रोज चित्रफीत पाहायला येत होता. दुपारी आला की चौकट कोरी. संध्याकाळी आला की पारुबाई हजर. पानाचा पासवर्ड तिघांकडं होता. निता हिंगोलीला. दुसरा लालसिंगचा पुतण्या प्रेमदास, तो दिवसभर शेतात. राहिला शाकीर. भर दुपारी, बाजारपेठ पेंगत असताना, कॅफेत एकटा शाकीरच असतो.

आणि कारण? ते कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. महिन्याभरापूर्वी लालसिंगनं आरसे थेट नांदेडहून आणायला सुरुवात केली होती. त्यावरून त्याचे आणि खाजा मियांचे दोन कडू शब्द झाले होते, आणि शाकीर मध्ये पडून म्हणाला होता, “आमच्याबिगर तुमचं काम कसं चालतंय तेच पाहतो आता.”

बोललेला शब्द असा असतो. निघताना हलका वाटतो आणि परत येतो तेव्हा दगड होऊन येतो.

बाईंनी भावाला आत नेलं. तो दुपारी इथंच असतो का, असं विचारलं. असतो, म्हणाला. काय करत असतो? शाकीरनं नजर खाली घातली.

“काम असतंय, आपा.”

“कसलं काम?”

“आहे एक. पर मी त्या पानाला हात लावला न्हाई. कसम से.”

इतकी वर्षं पोरांना शिकवून बाईंना एक कळलं होतं. गप्प बसणारी लेकरं दोन जातींची. एक चुकलेली, दुसरी काहीतरी जपणारी. बाहेरून दोघांचा चेहरा अगदी सारखा दिसतो. शाकीर त्यातला कोणता, हे त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं, आणि सख्ख्या भावाबद्दल ते सांगता येऊ नये याचं त्यांना फार वाईट वाटलं.

बाहेर लालसिंग पायरी उतरला होता. “उद्या सांजच्यापर्यंत थांबतो,” तो म्हणाला. “तुमी आमच्या नितीला शिकवलं म्हनून. त्याच्यानंतर मी ठाण्यात जाईन.”

ठाणं हा शब्द ऐकताच शाकीरचा चेहरा कापसासारखा पांढरा पडला.

३

निता दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. त्याआधी बाई संध्याकाळच्या जीपनं तांड्यावर गेल्या.

पारुबाई ओट्यावर बसून सुईत दोरा ओवत होती. बाईंना तिनं शेजारी बसवलं, त्यांच्या साडीच्या काठाला बोट लावून पाहिलं आणि मशीनचा टाका म्हणून नापास केलं. चित्रफितीचा विषय निघाला तेव्हा तिनं सुई कापडात खोवून ठेवली.

“मी पाह्यलं ना. बाजाराच्या दिशी प्रेमदासनं नेलतं मला. तिथं आमी दोघी दिसलो. भेवच वाटलं मला. आता एकच हाय म्हनतेत. बरं झालं.”

बाईंना वाटलं, म्हातारीनं काचेत आपलंच प्रतिबिंब पाहिलं असेल. त्यांनी मान डोलावली आणि बोलणं पुढं नेलं. चांगल्या शिक्षकाकडूनही अशी चूक होते. उत्तर समोर येतं, आणि ते अपेक्षेसारखं नाही म्हणून तो पुढच्या मुलाकडे वळतो.

प्रेमदास गोठ्याच्या दाराशी उभा होता. हाही बाईंचाच विद्यार्थी, एकोणीस-वीस वर्षांचा, आजीचा फार लाडका. शाकीर आणि तो एका बाकावर बसलेले. शाकीरनं असं केलं असेल असं त्याला वाटतं का, बाईंनी विचारलं.

“काय म्हाईत, बाई,” तो म्हणाला, आणि म्हशीला पाणी पाजायचं आहे म्हणून आत गेला. म्हैस पाणी पिऊन, डोळे मिटून, निवांत रवंथ करत बसलेली बाईंना दिसत होती.

परतताना निताचा फोन आला. ती रडवेली झाली होती. बाईंनी तिला धीर दिला आणि चित्रफीत पानावर चढवली कशी, ते पहिल्यापासून सांगायला लावलं. वर्गात गणित सोडवून घेतात तसं, पायरी पायरीनं.

शाकीरनं तिला स्वतःचं गल्ल्यावरचं यंत्र दिलं होतं. फीत चढायला इतका वेळ लागला की अख्खी दुपार गेली. त्यात विजेची लाइन गेलेली, यंत्र इन्व्हर्टरवर. शेवटी इन्व्हर्टरनंच मान टाकली आणि सगळं वाया गेलं. दुसऱ्या दिवशी लाइन असताना पुन्हा चढवली, तेव्हा कुठं जमलं. फीत पानात बसवायच्या दोन रीती तिला दोन पुस्तकांत मिळाल्या. कोणती बरोबर, ते कळेना. म्हणून तिनं दोन्ही लिहिल्या, एकीखाली एक.

“आणि दिसली होती ना?”

“व्हय बाई. आजी मस्त दिसली. तेवढं पाहून मी हिंगोलीची बस पकडली.”

फोन ठेवल्यावर जीपच्या खडखडाटात बाईंच्या मनात एकच वाक्य घोळत राहिलं. शेवटी इन्व्हर्टरनंच मान टाकली.

४

सकाळी चहाच्या आधीच बाई माहेरी गेल्या. शाकीर अंगणात मोटारसायकल पुसत होता. ती आधीच लखलखीत होती.

“आता सांग,” त्या म्हणाल्या. “ठाण्याचं नाव काढल्यावर तुला काय झालं?”

त्यानं घराकडं पाहिलं, अब्बा आत आहेत की नाही याचा अंदाज घेतला, आणि हळू आवाजात सांगितलं. नांदेडच्या एका शाळेत संगणक शिकवणाऱ्याच्या जागेवर त्याची निवड झाली होती. अर्ज, परीक्षा, सगळं त्यानं दुपारच्या रिकाम्या वेळात गल्ल्यावर बसून केलं होतं. अब्बांना वाटत होतं की पोरगा दुकान सांभाळेल, म्हणून त्यांना सांगायची हिंमत झाली नव्हती. आता फक्त पोलिसांची चौकशी राहिली होती. हवालदार गावात येऊन विचारणार, पोरगं कसं आहे.

“नाईकांनी तक्रार दिली तर संपलं, आपा. खरी का खोटी, कोन पाहतंय? नाव एकदा तिथं लागलं म्हंजे लागलं.”

म्हणजे हा जपणाऱ्यांच्या जातीचा. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला, पण तो अर्धाच. भावावर त्यांचा विश्वास बसला, तरी लालसिंगला विश्वास नको होता. त्याला पुरावा हवा होता, आणि तोही सूर्य मावळायच्या आत.

त्या शाळेकडं चालू लागल्या. दरवर्षी त्या पाचवीला एक प्रयोग करून दाखवायच्या. मटकीच्या दोन वाट्या, एक उजेडात, एक कपाटात. पोरं म्हणायची, बाई, कपाटातल्या वाटीला पाणीपण कमी घालू. बाई म्हणायच्या, नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर कशानं काय झालं ते देवालाही सांगता येणार नाही.

मग आता त्यांनी स्वतःलाच विचारलं. दुपार आणि संध्याकाळ, यांत काय बदलतं?

शाकीर दुपारी असतो, तसा संध्याकाळीही असतो. पान तेच. पाहणारा लालसिंगही तोच. कोणी फीत काढून परत लावत असेल म्हणावं, तर ती चढवायला निताला अख्खी दुपार पुरली नव्हती, आणि इन्व्हर्टर तेवढा वेळ तग धरतच नाही. लाइन येते संध्याकाळी, आणि लाइन आल्या आल्या पारुबाई हजर असते. एवढ्यात कोण परत चढवणार?

म्हणजे कोणीही रोज फीत काढत नव्हतं. कोणीही रोज लावत नव्हतं.

बाई रस्त्यातच थांबल्या. मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरनं भोंगा वाजवला तेव्हा त्या बाजूला झाल्या. पारुबाई कुठं गेलीच नसेल तर? दुपारी गायब होणारं काही दुसरंच असेल तर?

दुपारी बाळापुरात एकच गोष्ट गायब व्हायची. तिच्या भारनियमनाचं वेळापत्रक कॅफेच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं.

त्यांनी शाकीरला फोन लावला. “लाइन गेली की तुझ्या कॅफेत काय काय चालू राहतं?”

“काय राहणार, आपा? गिऱ्हाइकांची सगळी यंत्रं बंद. इन्व्हर्टरवर फक्त गल्ल्यावरचं.”

“आणि ते बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे का? नीट विचार करून सांग.”

मग शाकीर म्हणाला, “यंत्र सारखंच आहे. पर मी त्याच्यावर कोल्हा वापरतो.”

“सगळ्यांना बोलाव,” बाई म्हणाल्या. “लाइन गेल्यावर.”

५

दुपारी पंखे थांबले. गिऱ्हाइकांच्या यंत्रांचे पडदे एका झटक्यात काळे झाले आणि इन्व्हर्टर घरघरू लागला. गल्ल्यावरच्या एकट्या यंत्राचा निळसर उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला होता. खाजा मिया, निता, दाराला टेकलेला प्रेमदास आणि स्टुलावर बसलेली पारुबाई. लालसिंग पायरीवरच होता.

“आत या, नाईक,” बाई म्हणाल्या. “आणि शाकीर, तू बाहेर जा. पायरीवर बस. कशालाही हात लावायचा नाही.”

शाकीर बाहेर गेला. लालसिंग उंबरठा ओलांडून आत आला, पण बसला नाही.

बाईंनी निताला पान उघडायला सांगितलं. पडद्याच्या कोपऱ्यात कोल्ह्याचं चिन्ह होतं. इंटरनेटवरची पानं उघडून दाखवणारा तो एक ब्राउझर. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून शाकीरनं तो चढवला होता, आणि बाळापूरची पोरं त्याला नुसतं कोल्हा म्हणायची. पान हळूहळू उतरलं. वर गटाचं नाव. खाली झोळ्यांचे फोटो. मधोमध कोरी चौकट.

लालसिंगनं चौकटीकडं पाहिलं, मग दाराकडं वळला.

“बराबर हाय,” तो म्हणाला. “दुपार झाली, याडी गेली. आता मला कोनी अडवू नका.”

“नाईक, तुम्हाला संध्याकाळपर्यंतचा शब्द आहे. अजून ऊन आहे.” बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा झाला आणि लालसिंगचं पाऊल थांबलं. त्यांच्या आवाजानं तांड्यातली निम्मी पोरं वठणीवर आणली होती. “एकच गोष्ट बदलणार आहे मी. जागा तीच, यंत्र तेच, दुपार तीच. शाकीर बाहेर आहे. लाइन गेलेलीच आहे. निता, हे पान बंद करू नकोस. शेजारी दुसरी खिडकी उघड. गिऱ्हाइकांच्या यंत्रांवर असतो तो ब्राउझर. निळ्या ई चा.”

निताचा हात माउसवर थबकला. मग तिनं निळ्या ई वर दोनदा टिचकी मारली आणि पत्ता टाकला.

पडदा पांढरा झाला. गटाचं नाव आलं. झोळ्यांचे फोटो वरून खाली, पदर उलगडावा तसे, उलगडत गेले. चौकट आली. कोरीच. इन्व्हर्टरनं एक कुंई काढली आणि खाजा मियांनी डोळे मिटले.

मग चौकटीत एक सुरकुतलेला हात उमटला. त्यानं कापडावर आरसा ठेवला.

भर दुपारी, लाइन गेलेली असताना, पारुबाई टाके घालू लागली. शेजारच्या खिडकीत, कोल्ह्याकडं, तीच चौकट अजून कोरीच होती.

६

“म्हंजे?” लालसिंग म्हणाला. एवढंच म्हणाला.

बाईंनी त्याला समजावून सांगितलं. ब्राउझर म्हणजे पान वाचून दाखवणारा. वाचणारे दोन, आणि दोघांची बोली थोडी निराळी. फीत बसवायच्या रीती दोन. निळ्या ई ला दोन्ही कळतात, कोल्ह्याला एकच. न कळलेल्या जागी कोल्हा कोरी चौकट ठेवतो. लाइन असली की तुम्ही गिऱ्हाइकांच्या यंत्रावर बसता, तिथं निळा ई. लाइन गेली की शाकीर तुम्हाला गल्ल्यावर बसवतो, तिथं कोल्हा. औरंगाबादलाही कोणी कोल्हाच वापरत असणार. फीत रोज जागच्या जागीच होती. जागा बदलत होतात ते तुम्ही.

लालसिंग हळूच बाकावर बसला.

“पन बाई,” निता म्हणाली, “मी ह्याच यंत्रावर, ह्याच कोल्ह्यात आजीला पाह्यलं होतं. मी दोन्ही रीती लिहिल्या होत्या.”

“तेच,” बाई म्हणाल्या. “पानाच्या पोटात काय लिहिलंय ते उघड.”

निता खाली वाकून वाचू लागली. एकच रीत होती. फक्त निळ्या ई ला कळणारी. दुसरी कोणीतरी पुसून टाकली होती. लालसिंगची नजर पायरीवर बसलेल्या शाकीरच्या पाठीवर गेली.

“थांबा. आधी तुझी पुसलेली ओळ होती तिथं परत लिही,” बाईंनी निताला सांगितलं, “आणि दोन्हीकडं दाखव.”

तिनं लिहिली. कोल्ह्याच्या कोऱ्या चौकटीखाली पारुबाई आली. एक. मग निळ्या ई ची खिडकी पुढं आली, आणि तिथं एका पारुबाईखाली दुसरी पारुबाई बसली होती. एकीनं आरसा ठेवला, क्षणभरानं दुसरीनं.

स्टुलावरच्या पारुबाईनं ओढणी तोंडावर घेतली. “आली. परत आली.”

“कोण आली, याडी?” बाई तिच्यापुढं गुडघ्यावर बसल्या. या खेपेला त्यांना उत्तर नीट ऐकायचं होतं.

“सोनकी. माझी बहीन. आमी जुळ्या व्हतो. लहानपनीच गेली ती. एकाच कापडावर दोघी शिवायचो, मी टाका घातला का माझ्यामागून ती घालायची. तिथं अशीच बसली व्हती माझ्याखाली. मला न्यायला आली, म्हनलं. मी ह्याला म्हनलं, तिला काढ तिथून.”

बाईंनी मागं वळून पाहिलं नाही. त्या शांतपणे बोलत राहिल्या, कारण चुकलेल्या पोराला स्वतःच्या पायानं पुढं यायला जागा द्यावी लागते.

“शाकीर दिवसभर कोल्ह्यावर बसतो. तिथं पारुबाई पहिल्यापासून एकच दिसत होती. त्याला दोन आहेत हेच माहीत नव्हतं. ज्याला चोरायचं असतं तो सगळंच नेतो. इथं ज्यानं कुणी एक पुसली, त्यानं एक जपून ठेवली. म्हणजे पुसणाऱ्याला पारुबाई हवी होती. त्यानं पारुबाई दोन पाहिल्या होत्या, लाइन असताना, गिऱ्हाइकांच्या यंत्रावर. आणि त्याच्याकडं पासवर्ड होता.”

प्रेमदास दारापासून दोन पावलं पुढं आला.

“याडीला रात्री झोप लागंना गेली. म्हनून मी खालची पुसली. निळ्या ई मध्ये एकच दिसली, मला वाटलं काम झालं. मग काका म्हनले, दुपारी दिसत न्हाई. मला काहीच कळंना. मी काय मोडलं तेच कळंना.” त्यानं मनगटानं नाक पुसलं. “आन् काकांनी शाकीरचं नाव घेतलं. तवा सांगायला पाह्यजे व्हतं. न्हाई सांगितलं.”

लालसिंग उठला. प्रेमदासनं गाल पुढं केला, पण लालसिंग त्याच्या बाजूनं निघून गेला, पायरीवर शाकीरच्या शेजारी जाऊन बसला आणि बराच वेळ समोरच्या रस्त्याकडं बघत राहिला.

आत निता पुस्तक चाळत होती. दोन्ही रीती ठेवायच्या, पण दोन पारुबाई दिसू द्यायच्या नाहीत, हे कसं जमायचं? शेवटी तिला सापडलं. दुसरी ओळ पहिलीच्या खाली नाही, पोटात लिहायची. निळ्या ई ला बाहेरचं कळलं की तो आत डोकावत नाही. कोल्ह्याला बाहेरचं कळत नाही, मग तो आतलं उघडतो. बाईंनी हे पारुबाईला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा तिनं हातातली झोळी उलटी करून दाखवली.

“एवढंच ना? म्हंजे अस्तर.”

“तेच, याडी.”

“मग पहिलेच अस्तर लावायचं. माझ्यासारकीला इचारायचं व्हतं.”

निळ्या ई मध्ये एक पारुबाई. कोल्ह्यात एक पारुबाई. म्हातारी दोघींकडं आळीपाळीनं पाहत होती. मग म्हणाली, “सोनकी गेली का?”

“आत आहे,” निता म्हणाली. “अस्तरात.”

पारुबाईनं जरा विचार केला. “राहू दे मग,” ती म्हणाली.

संध्याकाळी औरंगाबादहून फोन आला. दिसते आहे, असं तिथल्या बाई म्हणाल्या, आणि शेवटी आजी हसतात ते फारच छान आहे. सूर्य मावळला तेव्हा लालसिंग नाईक ठाण्याच्या रस्त्यावर नव्हता. तो पायरीवरच होता, आणि या खेपेला त्यानं चहा निवू दिला नाही.

७

नांदेडच्या नोकरीचं शाकीरनं त्याच रात्री जेवताना अब्बांना सांगितलं. खाजा मिया दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्यासाठी नवे बूट आणले.

काही आठवड्यांनी हवालदार चौकशीला आला. खाजा मियांच्या दुकानात टेकला, टोपी काढून घाम पुसला. इशरतबाई शाळेतून येता येता तिथं थांबल्या होत्या. केलेला आरोप मागं घेतला, तरी तो लोकांच्या तोंडातून जायला वेळ लागतो. गावात त्या दिवसांची कुजबुज अजून पुरती विरली नव्हती.

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं. लालसिंग नाईक परातीतले आरसे बोटानं चाळत होता. नांदेडचे आरसे मुंबईच्या प्रदर्शनाच्या वाटेवर निम्मे फुटले होते, असं तो म्हणत होता. बाईंना ते खरं वाटलं नाही.

हवालदारानं त्याला ओळखलं. “नाईक, तुमी इथले जुने. हे शाकीर खाजा मिया म्हणून पोरगं कसं हाय? काय ऐकायला आलं होतं मधी.”

लालसिंगनं एक आरसा उचलला, उजेडाकडं धरला, उलटा करून मागची बाजू पाहिली.

“मी पारखून पाह्यलंय, साहेब,” तो म्हणाला. “दुपारी पाह्यलं, संध्याकाळी पाह्यलं. लाइन असताना पाह्यलं, लाइन गेल्यावर बी पाह्यलं. पोरगं एकच हाय. फरक माझ्या बघन्यात व्हता.”

हवालदाराला त्यातलं किती समजलं कोण जाणे. त्यानं फक्त ‘चांगलं’ एवढंच लिहून घेतलं.